अठरा दिवसांत दहा सामने : रेड ग्रेंजचं प्रकरण

शनिवार, २१ नोव्हेंबर १९२५. ओहायोतल्या कोलंबस शहरात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात इलिनॉय विद्यापीठानं ओहायो स्टेट विद्यापीठाला १४-९ असं हरवलं. इलिनॉयचा २२ वर्षांचा हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) हॅरॉल्ड ‘रेड’ ग्रेंज मैदानाबाहेर आला आणि आपण विद्यापीठ सोडून व्यावसायिक फुटबॉल खेळणार असल्याचं त्यानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी शिकागोत त्यानं शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाशी करार केला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी तो बेअर्सच्या गणवेशात मैदानात होता.

या निर्णयावर अमेरिकेत तेव्हा प्रचंड वाद झाला. वाद होता तो पदवी सोडून पैसे घेणं योग्य की अयोग्य, याचा. त्या गदारोळात दुसरा एक प्रश्न मागे पडला आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. ग्रेंजकडे भांडवल म्हणून एकच गोष्ट होती, त्याचं शरीर. ते किती वापरायचं, कधी थांबायचं, हे ठरवताना त्या शरीराच्या बाजूनं बोलणारं कोण होतं? त्याच्या कारकिर्दीकडे मी इथे या अंगानं पाहतो आहे.

पार्श्वभूमी

ग्रेंजचा जन्म १३ जून १९०३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या फोर्क्सव्हिल या छोट्या गावातला. वडील लाइल ग्रेंज लाकूडतोडीच्या छावणीत मुकादम होते. हॅरॉल्ड पाच वर्षांचा असताना आई गेली आणि वडील मुलांना घेऊन इलिनॉयमधल्या व्हीटनला आले. पुढे ते तिथल्या पोलीस खात्यात लागले. घरी खाऊनपिऊन फार काही उरत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हॅरॉल्ड घरोघरी बर्फ पोचवायचा. जड लाद्या खांद्यावर टाकून जिने चढायचे, दिवसभर. आठवड्याला साडेसदतीस डॉलर मिळत. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला ‘व्हीटनचा बर्फवाला’ म्हटलं, ते यावरूनच. शाळेत असताना एकदा बर्फाच्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. तो पाय वाचला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

इलिनॉय विद्यापीठात बॉब झुप्पकी त्याचे प्रशिक्षक होते आणि ७७ हा त्याचा क्रमांक. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी विद्यापीठाच्या नव्या मेमोरियल स्टेडियमच्या समर्पणाचा सामना होता, समोर बलाढ्य मिशिगन. पहिलाच किकऑफ (खेळ सुरू करताना लाथेनं मारलेला चेंडू) ग्रेंजनं झेलला आणि ९५ यार्ड धावत थेट टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. मग ६७ यार्डांची धाव, मग ५६, मग ४४. पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन. दुपार संपेपर्यंत त्यानं पाचवं टचडाउन धावून केलं आणि सहाव्यासाठी पास दिला. इलिनॉय ३९-१४ नं जिंकलं. अंगावर आलेल्या माणसाला हुलकावणी द्यायची, थांबल्यासारखं करून क्षणात दिशा बदलायची, ही त्याची खासियत. ‘गॅलपिंग घोस्ट’, म्हणजे दौडणारं भूत, हे नाव त्याला उगाच पडलेलं नव्हतं.

वर्षभरानंतर, ऑक्टोबर १९२५ मध्ये, तो ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता. त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियात, चिखलानं भरलेल्या मैदानावर, त्यानं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध ३६३ यार्ड काढले.

व्यावसायिक फुटबॉलची स्थिती मात्र अगदी उलट होती. आज जिला एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणतात ती संघटना १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावी, मोटारगाड्यांच्या एका शोरूममध्ये स्थापन झाली होती. खेळाडूला सामन्यामागे साधारण शंभर डॉलर मिळत. संघ निघत आणि बुडत. महाविद्यालयीन सामन्यांना पन्नास-साठ हजार लोक जमत. व्यावसायिक सामन्याला काही हजार आले तरी मालक खूश. विद्यापीठांतल्या प्रतिष्ठित मंडळींना हा रविवारचा भाडोत्री खेळ वाटे. शिकागो विद्यापीठाचे ज्येष्ठ प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग यांनी तर त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती.

समस्या

याच सुमारास चार्ल्स सी. पाइल या कथेत आला. विद्यापीठाच्या गावात, शॅम्पेनमध्ये, त्याची चित्रपटगृहं होती. व्यवहारातल्या चलाखीमुळे लोक त्याला ‘कॅश अँड कॅरी’ म्हणत. ग्रेंज सिनेमा बघायला आलेला असताना पाइलनं त्याला वर कार्यालयात बोलावून घेतलं आणि लाखभर डॉलर कमवायला आवडतील का, असं विचारलं. बर्फ वाहून आठवड्याला साडेसदतीस डॉलर मिळवणाऱ्या पोरानं यावर काय म्हणावं?

पाइलनं बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस आणि एडवर्ड ‘डच’ स्टर्नमन यांच्याशी बोलणी केली. बातमी फुटली. ग्रेंजनं आधीच सही केली असली तर तो महाविद्यालयीन सामन्यांना अपात्र ठरणार होता; वर्तमानपत्रांनी हा विषय लावून धरला. ग्रेंजनं सही केल्याचं नाकारलं आणि शेवटचा सामना खेळला. त्या सामन्यानंतर झुप्पकींनी त्याला टॅक्सीत बसवून शहरभर फिरवत समजावलं. ग्रेंजचा प्रतिप्रश्न असा होता, की शिकवण्याचे पैसे तुम्ही घेता, मग खेळण्याचे मी घेतले तर काय चुकलं? झुप्पकींकडे याला उत्तर नव्हतं. माझ्या मते आजही कुणाकडे नाही. स्टेडियम त्याच्या नावावर भरत होतं, तिकिटांचा पैसा विद्यापीठाला मिळत होता, आणि ज्याच्यासाठी लोक येत होते तो उन्हाळ्यात बर्फ वाहत होता.

म्हणून पैसे घ्यावेत का, या प्रश्नाशी मी थांबत नाही. ते घेणं रास्तच होतं. अडचण पैसे कसे घ्यायचे इथे होती.

समोरचे पर्याय

पहिला, शिक्षण पूर्ण करून पुढच्या हंगामात व्यावसायिक खेळात उतरणं. यात मान राहिला असता, पण वर्षभरानं लोकांना ग्रेंज तितकाच हवा असेल याची खात्री कोण देणार? धावपटूची किंमत त्याच्या शेवटच्या धावेवर ठरते.

दुसरा, न खेळता नावावर कमवणं. जाहिराती होत्या, सिनेमा होता. पण मैदानातून गेलेल्या माणसाचं नाव किती दिवस चालणार?

तिसरा, एखाद्या संघाकडून ठरलेला पगार घेणं. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा त्याला मिळवायला स्वतः शिकागोला गेले होते. तोवर तो बेअर्सचा झाला होता. ठरलेल्या पगाराचा एक फायदा तेव्हा कुणी मोजला नसावा. पगार ठरलेला असला, की सामने वाढवण्याची घाई निदान खेळाडूला तरी राहत नाही.

चौथा पर्याय पाइलचा, तिकीटविक्रीत वाटा. खूप ताणाताणीनंतर ठरलं ते असं : निम्मं बेअर्सला, निम्मं ग्रेंज-पाइलला, आणि त्या निम्म्यातलं ६० टक्के ग्रेंजला, ४० टक्के पाइलला. ढोबळ हिशेबानं शंभर डॉलरमागे ५० बेअर्सचे, ३० ग्रेंजचे, २० पाइलचे. नवख्या खेळाडूसाठी ही अटच मुळात ऐतिहासिक होती.

पण या वाटणीकडे जरा नीट पाहा. सामना वाढला की तिघांचंही उत्पन्न वाढतं. दुखापत झाली तर ती एकट्या ग्रेंजच्या अंगावर. तिघांचा फायदा एका दिशेला आणि एकाचा धोका दुसऱ्या दिशेला, असा करार झाला की वेळापत्रक कुणाच्या बाजूनं झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

काय केलं गेलं

२६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या कब्ज पार्कवर (पुढचं रिगली फील्ड) ३६,००० लोक जमले. समोर शिकागो कार्डिनल्स. त्यांच्या पॅडी ड्रिस्कॉलनं प्रत्येक पंट (हातातून सोडून लाथेनं लांब मारलेला चेंडू) ग्रेंजपासून दूर मारला, त्याच्या हाती चेंडू पडूच दिला नाही. सामना ०-० असा सुटला. लोक ड्रिस्कॉलवर चिडले, कारण ते ग्रेंजला धावताना बघायला आले होते.

त्यानंतर जे वेळापत्रक लागलं ते वाचताना मला दर वेळी अंग आखडल्यासारखं होतं. २९ नोव्हेंबरला शिकागो. २ डिसेंबरला सेंट लुइस, तिथे ग्रेंजचे चार टचडाउन. ५ ला फिलाडेल्फिया, पावसात. बेअर्सचे दोन्ही टचडाउन त्याचेच. ६ ला न्यूयॉर्क, पोलो ग्राउंड्स; गणवेश धुवायलाही वेळ नव्हता, आदल्या दिवशीच्या चिखलानिशीच खेळाडू उतरले. ८ ला वॉशिंग्टन. ९ ला बोस्टन. १० ला पिट्सबर्ग. १२ ला डेट्रॉइट. १३ ला पुन्हा शिकागो. अठरा दिवसांत दहा सामने, मधली रात्र बहुतेक वेळा आगगाडीत.

तेव्हाचा खेळ कसा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ कळत नाही. खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं होती; एकदा बाहेर गेलेल्याला लगेच परत येता येत नसे. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. डोक्याला चामड्याची टोपी, चेहऱ्यापुढे काहीच नाही. आज या खेळात आठवड्याला एक सामना असतो आणि तोही अंग पिळून काढतो. शिवाय प्रत्येक गावातला संघ ग्रेंजला पाडण्यासाठीच उतरलेला, कारण त्याला पाडणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येणार.

पैसा मात्र आला. न्यूयॉर्कच्या सामन्याला पासष्ट हजारांहून जास्त लोक होते. ग्रेंजनं समोरच्यांचा एक पास मधेच पकडून ३५ यार्ड धावत टचडाउन केलं आणि बेअर्स १९-७ नं जिंकले. पहिल्याच हंगामात तोट्यात बुडालेले टिम मारा त्या एका दुपारी तरले. जायंट्स संघ आज अस्तित्वात आहे त्यात त्या रविवारचा वाटा मोठा आहे.

निर्णयाची जागा : पिट्सबर्ग

बोस्टनला ग्रेंज दमलेला होता, संघ हरला आणि प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली. कौतुक करणारी गर्दी पंधरा दिवसांत बदलली. त्या माणसाला तीन दिवसांपूर्वी न्यूयॉर्कनं डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गला त्याच्या हाताला जबर मार बसला, आत रक्त साकळलं. डेट्रॉइटला तो खेळू शकला नाही, आणि ही बातमी पसरताच हजारो लोकांनी तिकिटांचे पैसे परत मागितले.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका हिशेब डेट्रॉइटच्या तिकीटखिडकीवर झाला, असं मला वाटतं. ग्रेंजला न थांबवता पळवण्यात जो फायदा दिसत होता तो याच खिडकीवर परत द्यावा लागला. बोस्टन आणि पिट्सबर्ग हे दोन सामने वगळले असते, तर ८ आणि १२ डिसेंबरच्या मधे तीन दिवसांचा विसावा मिळाला असता आणि डेट्रॉइटचं मैदान भरलं असतं.

पाइल-हॅलस जोडीनं यातून काहीतरी घेतलं, हे मान्य करायला हवं. नाताळच्या दिवशी फ्लोरिडातून सुरू झालेला दुसरा दौरा जास्त सैल होता : सव्वा महिन्यात नऊ सामने, दिमतीला आगगाडीचा खास डबा. १६ जानेवारी १९२६ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियमवर ७५,००० च्या आसपास लोक आले. ३१ जानेवारीला सिॲटलमध्ये दौरा संपला. दोन्ही मिळून ६७ दिवसांत १९ सामने, आणि ग्रेंजच्या हाती लाखाच्या वर डॉलर. शिवाय बाहुल्या, स्वेटर, बूट, चॉकलेट, जिंजर एल, सगळ्यांवर त्याचं नाव. सिनेमाचंही ठरलं.

निर्णयाची जागा : एक तृतीयांश

दौरा संपल्यावर पाइलनं बेअर्सकडे ग्रेंजसाठी मालकीचा एक तृतीयांश वाटा मागितला. हॅलस आणि स्टर्नमन यांनी नकार दिला. या दोघांनी अनेक वर्षं खिशातून घालून संघ जगवला होता. एका हंगामाच्या गर्दीवर तो कुणाला तोडून द्यायची त्यांची तयारी नव्हती.

इथे थांबून मधला आकडा शोधता आला असता. मालकीचा छोटा हिस्सा, किंवा तीन-चार वर्षांचा तिकीटविक्रीतला वाटा आणि सामन्यांच्या संख्येवर मर्यादा. बेअर्सनाही ग्रेंज हवाच होता. पण पाइलनं चर्चा मोडली. त्यानं यांकी स्टेडियम भाड्यानं घेतलं आणि एनएफएलकडे न्यूयॉर्कसाठी दुसरा संघ मागितला. टिम मारा आडवे आले. शहर त्यांचं होतं. मग पाइलनं स्वतःची नऊ संघांची लीगच काढली, अमेरिकन फुटबॉल लीग. तिच्या न्यूयॉर्क यांकीज संघात ग्रेंज.

त्या लीगची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. १९२६ च्या एका हंगामात ती संपली. तिचा विजेता संघ फिलाडेल्फिया क्वेकर्स. त्याला डिसेंबरमध्ये जायंट्सनी ३१-० असं लोळवलं. एका माणसाच्या नावावर एक सामना भरतो, लीग भरत नाही. ग्रेंज एका वेळी एकाच गावात खेळू शकत होता, बाकीच्या आठ संघांनी लोक कुठून आणायचे? १९२७ मध्ये यांकीजना एनएफएलनं सामावून घेतलं.

परिणाम

ऑक्टोबर १९२७. यांकीज शिकागोत बेअर्सविरुद्ध खेळत होते. बेअर्सचा दणकट सेंटर जॉर्ज ट्रॅफ्टन अंगावर पडला, त्याच वेळी ग्रेंजच्या बुटाचे खिळे गवतात रुतलेले. गुडघा पिळवटला. ज्या मैदानावर दोन वर्षांपूर्वी त्याचं पदार्पण झालं, तेच हे मैदान.

संघ त्याच्याच नावावर चालत होता, त्यामुळे तो त्याच हंगामात पुन्हा उतरला. १९२८ मध्ये मात्र त्याला खेळताच आलं नाही. पाइलशी असलेला करार संपला. दोघे भांडून वेगळे झाले नाहीत आणि पुढेही ग्रेंज पाइलबद्दल चांगलंच बोलत राहिला. हुलकावणी देऊन क्षणात दिशा बदलणं, जी त्याची खरी कमाई, ती त्या गुडघ्याबरोबर गेली. त्यानंतर आपण इतरांसारखाच एक हाफबॅक उरलो, असं त्यानं स्वतःच नंतर सांगितलं.

गुडघा वेळापत्रकामुळेच गेला, असं मी म्हणणार नाही. बुटाचा खिळा रुतणं हा अपघात आहे. तो पहिल्या सामन्यातही झाला असता. माझं म्हणणं त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल आहे. दुखावलेल्या गुडघ्यानिशी पुन्हा उतरावं लागलं, कारण तो नसला तर तिकिटं विकली जाणार नव्हती. डेट्रॉइटचीच अडचण, फक्त या वेळी हाताऐवजी गुडघा.

दुसरा परिणाम नियमांत झाला. १९२६ च्या सुरुवातीला एनएफएलनं ठरवलं, की खेळाडूच्या वर्गाची पदवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही संघानं त्याच्याशी करार करायचा नाही. विद्यापीठांचा राग शांत करण्यासाठी हे गरजेचं होतं. पण या नियमानं सांभाळली ती विद्यापीठं. एका आठवड्यात किती सामने खेळवावेत यावर त्यात शब्द नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पाइलचे २० टक्के महाग होते असं मला वाटत नाही. त्यानं जे मिळवून दिलं ते ग्रेंजला एकट्याला जमलं नसतं. कमतरता होती ती तिसऱ्या माणसाची. ज्याचा तिकिटात वाटा नाही, असा एक डॉक्टर किंवा वकील, निदान वडील लाइल, वेळापत्रकावर सही करण्याआधी बसायला हवे होते. झुप्पकींनाही ते जमलं असतं. त्यांना मुलाची खरी काळजी होती आणि खेळ अंगाला काय करतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण टॅक्सीतला सगळा वेळ त्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हणण्यात घालवला. ‘जातोच आहेस तर आठवड्याला दोनपेक्षा जास्त खेळू नकोस’ हे सांगायचं राहून गेलं, आणि त्यानंतर दोघांत काही काळ बोलणंच उरलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ याची वाटते.

१९२९ नंतर

१९२९ मध्ये हॅलसनी ग्रेंजला परत बोलावलं. धाकटा भाऊ गारलँडही त्याच वर्षी बेअर्समध्ये आला. आता मालकीचा हट्ट नव्हता, मध्यस्थ नव्हता, आणि धावेचं भूतही नव्हतं. ग्रेंजनं आपला खेळ बदलला. तो बचावाकडे वळला; समोरचा कुठे वळणार हे आयुष्यभर दुसऱ्यांना चकवल्यामुळे त्याला आधीच कळायचं. १९३१ च्या एनएफएलच्या सर्वोत्तम संघात तो होता. १८ डिसेंबर १९३२ ला शिकागोत बर्फ आणि थंडीमुळे निर्णायक सामना छपराखाली, शिकागो स्टेडियमच्या आखूड मैदानावर खेळवावा लागला. ब्रॉन्को नागुर्स्कीचा पास पकडून टचडाउन केलं ते ग्रेंजनं, आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स ९-० असे हरले.

पाइलच्या अठरा दिवसांपेक्षा हा सहा हंगामांचा काळ मला जास्त भावतो. मिळकत कमी, टाळ्या कमी, पण इथे तो स्वतःच्या गुडघ्याला झेपेल तेवढंच आणि तेच खेळत होता.

१७ डिसेंबर १९३३. रिगली फील्ड, एनएफएलचा अंतिम सामना. बेअर्स २३, जायंट्स २१, आणि शेवटचे काही क्षण. जायंट्सच्या रेड बॅजग्रोनं पास पकडला. त्याच्या शेजारून एक सहकारी धावत होता, चेंडू त्याच्याकडे गेला असता तर पुढे अडवायला कुणी नव्हतं. बॅजग्रोसमोर उरला होता एकटा ग्रेंज, तीस वर्षांचा, गुडघा गेलेला. नेहमी टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) खाली, पायात करतात. ग्रेंजनं बॅजग्रोला वर, छातीभोवती हातांसकट आवळून धरलं. चेंडू हातातच अडकला, शेजाऱ्याकडे गेलाच नाही, आणि वेळ संपली.